मोठ्या जहाजांच्या वाटेतून छोटी होडी कशी न्यायची: नेरूळ-बेलापूरहून निघणाऱ्यांसाठी

नेरूळ, बेलापूर, दिवाळे इथून कयाक, शिडाची होडी किंवा आऊटबोर्डची (मागे बाहेरून इंजिन लावलेली) छोटी बोट घेऊन घारापुरी, उरण, मांडव्याकडे जाणारे हौशी लोक आता बरेच दिसतात. लाइफ जॅकेट असतं, डबा असतो, मोबाइलला प्लास्टिकची पिशवी असते. चुकतो तो क्रम. आधी जहाज दिसतं, मग अंतराचा विचार सुरू होतो आणि शेवटी वेग वाढवून त्याच्या समोरून निसटायचा प्रयत्न होतो.

ऐरोली-वाशीच्या खाडीत सराव केलेल्यांची ही चूक जास्त होते. तिथे एखादा बार्ज सोडला तर मोठं काही येत नाही. ट्रॉम्बेच्या पीर पाऊ जेट्टीला टँकर लागतात, तिथून दक्षिणेला सगळं बदलतं. जवाहर द्वीपाचे तेलाचे धक्के, न्हावा-शेव्याची कंटेनर टर्मिनल्स, नांगरून पडलेली जहाजं, टग (मोठ्या जहाजाला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या बोटी), पायलट बोटी (जहाजाच्या वाटाड्याला ने-आण करणाऱ्या), फेरीबोटी हे सगळं एकाच पाण्यात आहे.

कामाला लागण्याआधी तीन आकडे पक्के करा.

एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. बंदरात १० नॉटने येणारं जहाज मिनिटाला ३०० मीटरहून थोडं जास्त कापतं. दोन किलोमीटरवर ‘लांब’ दिसणारं जहाज साडेसहा मिनिटांत तुमच्या जागी पोहोचतं.

जहाजाची चाचणी घेताना पूर्ण वेगात इंजिन उलटं फिरवतात, तेव्हा थांबेपर्यंतचं अंतर जहाजाच्या लांबीच्या १५ पटींच्या आत असावं असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. ३०० मीटरच्या जहाजाला ही मुभा साडेचार किलोमीटरची झाली. बंदरात वेग कमी असतो, त्यामुळे अंतरही कमी लागतं. तरी ब्रेक दाबल्यासारखं थांबणं विसरा.

तिसरा आकडा ५०० मीटरचा. जहाजाच्या नाळेपुढचं, म्हणजे पुढच्या टोकापुढचं, पाणी पुलावरून, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथून, दोन जहाजलांबी किंवा ५०० मीटर, यांतलं जे कमी असेल तेवढ्या अंतरापर्यंत झाकलेलं असलं तरी नियमात बसतं. पुढे कंटेनरच्या थप्प्या असतात. त्या पट्ट्यात शिरलेली कयाक कप्तानाला दिसतच नाही.

टप्पा १. आदल्या दिवशी: पाण्याची वेळ

जहाजासमोरून घुसण्यामागे बहुतेक वेळा साधी घाई असते. घाई कशाची, तर परतीच्या पाण्याची. ओहोटीला नेरूळ-बेलापूरच्या बाजूला चिखल उघडा पडतो, होडी धक्क्याला लागत नाही. चारला पाणी उतरणार हे साडेतीनला आठवलेला माणूस चॅनलच्या (मोठ्या जहाजांच्या खोदलेल्या वाटेच्या) कडेला दहा मिनिटं थांबायला तयार होत नाही.

कोळीवाड्यात चालणारा हिशेब इथे कामाला येतो. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. षष्ठीला ६ × ¾, म्हणजे साडेचार. पहाटे साडेचारला आणि दुपारी साडेचारला भरती, आणि साधारण सव्वासहा तासांनी, पावणेअकराच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. हा अंदाज मुंबई बंदराचा आहे. खाडीत आत, ठाण्याच्या बाजूला, भरती पोहोचायला आणखी वेळ लागतो. अंदाज आला की भरतीच्या छापील कोष्टकाशी ताडून घ्या.

दक्षिणेला जायचं असेल तर अशी षष्ठी-सप्तमी सोयीची. सकाळी साडेसहाला ओसरत्या पाण्याबरोबर निघा, अकरानंतर चढत्या पाण्याबरोबर परत या, दीड-दोनला धक्क्याला पुरेसं पाणी असतं. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग (लहान भरती-ओहोटी) असल्यामुळे पाण्याची ओढही कमी. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं. भरती बाराच्या सुमारास येते, म्हणजे सकाळी सहाला धक्क्यापाशी चिखल, आणि मधल्या वेळात पाण्याला जबरदस्त ओढ. कयाक तीन नॉटने चालते. समोरून दोन नॉटची ओढ असेल तर हातात एकच नॉट उरतो. अशा दिवशी चॅनल ओलांडायच्या फंदात पडू नका.

दुपारनंतर वारा पश्चिमेकडून चढतो आणि ओहोटीच्या ओढीविरुद्ध आला की पाणी खवळतं. परतीच्या वेळेत हेही धरा. पावसाळ्यात तर निघूच नका.

> तपासा: परतीच्या वेळेत किमान एक तास मोकळा आहे का? नसेल तर बेत छोटा करा. हा तास चॅनलच्या कडेला थांबण्यासाठी आहे, फोटोंसाठी नाही.

टप्पा २. नकाशावर चॅनल आखा

गुगलच्या नकाशावर सगळं पाणी एकाच निळ्या रंगाचं दिसतं. मोठं जहाज मात्र त्यातल्या खोदलेल्या एका पट्ट्यातूनच जाऊ शकतं. हा पट्टा देहरादूनच्या नौदल जलसर्वेक्षण कार्यालयाच्या चार्टवर असतो, किंवा त्यावर आधारलेल्या अॅपमध्ये. कागदावर तीन गोष्टी उतरवून घ्या: चॅनलच्या दोन्ही कडा, कडांवरचे बोये (तरंगत्या खुणा) आणि तुम्ही कुठे ओलांडणार ती जागा.

समुद्राकडून बंदरात शिरताना डाव्या हाताला लाल बोये आणि उजव्या हाताला हिरवे, ही आपल्याकडची पद्धत. अमेरिकेतले व्हिडिओ बघून शिकलेल्यांनी सावध राहावं, तिकडे हे उलटं असतं.

नेरूळहून घारापुरीच्या शेतबंदरला जाणं आणि उरण-मांडव्याकडे जाणं यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या बेतात न्हावा-शेव्याला जाणारा चॅनल ओलांडावाच लागतो. ओलांडायची जागा सरळ पट्ट्यावर निवडा, वळणावर नको. वळताना जहाजाची नाळ आत आणि पिछाडी बाहेर फिरते, त्यामुळे वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभी असलेली होडी त्या पिछाडीच्या तडाख्यात येते. टर्मिनलसमोरचं पाणीही टाळा. तिथे टग जहाजाला जागच्या जागी फिरवतात आणि त्यांच्या पंख्यांचं पाणी छोटी होडी भिरकावून देतं.

नौदलाची जहाजं व धक्के, जवाहर द्वीप, पीर पाऊ, ट्रॉम्बेचा भाभा अणुसंशोधन केंद्राचा किनारा यांच्याजवळ रेंगाळायचं नाही, कॅमेरा काढायचा नाही. अटल सेतूच्या खांबांना होडी बांधून जेवायला बसणारेही असतात. त्यांना सुरक्षा यंत्रणेनं हुसकावलं तर तक्रारीला जागा नाही.

इंजिनाच्या बोटीची नोंदणी आणि तुमच्या भागातल्या मनाईच्या जागा यांची चौकशी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या बंदर निरीक्षक कार्यालयात होते. एकदा प्रत्यक्ष जाऊन या.

टप्पा ३. होडीत काय हवं

लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली. पाण्यात टिकणारा टॉर्च. वल्ह्यांची जोडी, इंजिन कितीही नवं असलं तरी. नांगर आणि पुरेसा दोर. मोबाइलमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३.

हातातला व्हीएचएफ रेडिओ (बोटींवरचा बिनतारी संच), त्याचा परवाना मिळवून, सोबत ठेवला तर सर्वांत उपयोगी. जहाजं, बंदर, तटरक्षक दल सगळे रेडिओचं चॅनल १६ ऐकतात, मोबाइलवर मात्र जहाजाशी बोलता येत नाही. बंदराचं नियंत्रण कोणत्या चॅनलवर चालतं ते बंदर कार्यालयात विचारा आणि प्रवासात तो ऐकत राहा. कोणतं जहाज कधी आत येतंय हे त्यातून आधीच कळतं.

जहाजं दाखवणारी अॅप चांगली, पण पडद्यावरची जागा काही मिनिटं जुनी असू शकते. दहा नॉटच्या जहाजाला तीन मिनिटं म्हणजे जवळपास एक किलोमीटर. घरी बसून गर्दीच्या वेळा ओळखायला अॅप वापरा, ओलांडायचा निर्णय डोळ्यांनी घ्या.

रंगाचंही बघा. निळी, करडी किंवा पांढरी कयाक पाण्यात हरवते. केशरी-पिवळं जॅकेट आणि वल्ह्याच्या पात्यांना भडक रंग, एवढं केलं तरी फरक पडतो. फायबर आणि प्लास्टिक रडारवर जवळजवळ दिसत नाहीत, म्हणून ‘त्यांच्याकडे रडार आहे’ या भरवशावर राहू नका.

टप्पा ४. पाण्यावर: बोटांनी अंतर मोजा

कयाकमध्ये डोळा पाण्यापासून मीटरभर उंच असतो. इतक्या खालून अंतराचा अंदाज हमखास चुकतो आणि मोठी वस्तू हळू चालल्यासारखी वाटते. म्हणून हात ताठ पुढे करा.

जहाज आडवं दिसत असेल, म्हणजे त्याची पूर्ण बाजू दिसत असेल, आणि ३०० मीटरचं ते जहाज तुमच्या चार बोटांच्या रुंदीत मावत असेल, तर ते दोन-सव्वादोन किलोमीटरवर आहे.

जहाज तोंड करून येत असेल तर दिसते फक्त रुंदी, चाळीस-पन्नास मीटर. ती अंगठ्यानं जेमतेम झाकली जात असेल तर अंतर साधारण १३०० मीटर. दहा नॉटला सव्वाचार-साडेचार मिनिटं! अंगठ्याएवढं जहाज बघून कुणी घाबरत नाही, घोटाळा तिथेच होतो.

घरून निघण्यापूर्वी हे एकदा करून बघा. पाम बीच रस्त्यावर ज्याचं अंतर नकाशावर मोजता येईल अशा इमारतीकडे हात धरला की आपल्या बोटांचं माप समजतं.

दर दोन-तीन मिनिटांनी पूर्ण गोल नजर फिरवा, मागेही. कयाकवाले मागे बघत नाहीत, कारण मान वळवली की तोल जातो. मग होडीच फिरवा. शिडाच्या होडीत शिडाखालून वाकून पलीकडे बघायचं काम एका माणसाला ठरवून द्या. आणि नजर फक्त मोठ्या जहाजांवर नको. १८ डिसेंबर २०२४ ला याच बंदरात ‘नीलकमल’ फेरीबोटीला धडकली ती नौदलाची छोटी, पण वेगात असलेली बोट होती.

टप्पा ५. आपली वाट कापली जाणार का?

आपली दिशा आणि वेग दोन मिनिटं अजिबात बदलू नका. जहाजाच्या मागे दूरवर जे स्थिर आहे, द्रोणागिरीचा डोंगर किंवा उलव्याच्या इमारती, त्यावर जहाजाची नाळ कशी सरकते ते बघा.

नाळ पुढच्या इमारती एकेक करून झाकत चालली, तर जहाज तुमच्या पुढून जाणार. नाळेपुढे नव्या इमारती उघड्या पडत गेल्या, तर ते मागून जाणार. नाळ एकाच इमारतीला चिकटून राहिली आणि जहाज मोठं होत गेलं, तर गाठ पडणार.

मागे किनारा नसेल तर आपल्याच होडीवरची एखादी खूण, क्लीट (दोर बांधायची खुंटी) किंवा खांब, धरा आणि डोकं न हलवता जहाज तिच्या रेषेत राहतं का ते बघा.

> खबरदारी: फार मोठं जहाज किंवा टो (टग आणि त्यानं ओढत नेलेला बार्ज) असेल, किंवा अंतर कमी असेल, तर कोन बदलत असतानाही टक्कर होऊ शकते. नाळ चुकली तरी पिछाडी गाठते. शंका आली तर टक्कर होणार असंच धरून चाला.

दिशा बदलायची तर ठळक बदला. पाच-दहा अंशांनी हळूहळू वळणारी होडी जहाजाच्या पुलावरून भरकटल्यासारखी दिसते. सरळ साठ-सत्तर अंश वळा, आपली पूर्ण बाजू किंवा पाठ त्यांना दाखवा, आणि मग तिथेच ठाम राहा. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे करणाऱ्यापासून वाचणं कप्तानालाही जमत नाही.

शिडाच्या होडीला इंजिनाच्या जहाजानं वाट द्यायची, हा नियम अर्धवट पाठ असणारे फार. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतला नववा नियम अरुंद चॅनलबद्दल स्पष्ट आहे: २० मीटरपेक्षा लहान बोट आणि शिडाची होडी यांनी, ज्या जहाजाला फक्त चॅनलमधूनच सुरक्षित जाता येतं त्याला अडथळा करायचा नाही. आडवं जाण्यानं अडथळा होत असेल तर आडवं जायचं नाही. तिथे नांगरही टाकायचा नाही, गळ टाकून बसायचं असलं तरी.

आणि जहाज हळू चाललंय म्हणजे ते वळू शकेल असं नाही. वेग कमी झाला की सुकाणूवर पडणारं पाणीही कमी होतं, मग टगची मदत लागते.

टप्पा ६. चॅनल ओलांडणं

1. कडेच्या बाहेर थांबा. बोयांच्या रेषेपासून किमान दोन-तीनशे मीटर अलीकडे. बोयाला होडी बांधू नका, त्याच्या अगदी जवळही जाऊ नका, ओढ त्यावर आपटते.

2. दोन्ही दिशांना बघा. समुद्राकडून येणारं जहाज सगळे बघतात, धक्क्यावरून सुटणारं राहून जातं. धक्क्यावरच्या जहाजाला टग लागले आणि पायलट बोट आसपास दिसली की ते सुटण्याच्या तयारीत आहे असं समजा.

3. हिशेब करा, वल्ह्याच्या वेगानं. चॅनल अर्धा किलोमीटर रुंद धरा, दोन्ही कडांना अडीचशे मीटर मोकळे, एकूण एक किलोमीटर. तीन नॉटची कयाक मिनिटाला नव्वद मीटर जाते, म्हणजे अकरा मिनिटं. तेवढ्यात दहा नॉटचं जहाज सव्वातीन ते साडेतीन किलोमीटर येतं. म्हणून दोन्ही दिशांना सहा-सात किलोमीटरच्या आत चालतं जहाज नसेल तरच निघा, दुप्पट मोकळीक ठेवा. आऊटबोर्ड बारा नॉटने हे अंतर तीन मिनिटांच्या आत कापतं, पण हिशेब वल्ह्यांचाच धरा, कारण इंजिन नेमकं मधोमध बंद पडलं तर हातात तेवढंच उरतं.

4. काटकोनात जा. होडीची नाळ चॅनलच्या आडवी ठेवा. ओढीमुळे बाजूला सरकाल तर सरकू द्या. ओढीशी झुंजत तिरकं गेलात तर चॅनलमधला वेळ वाढतो. पलीकडे कुठे निघालात ते नंतर दुरुस्त करता येतं.

5. एकत्र जा. चार कयाक असतील तर सर्वांत हळू असणाऱ्याच्या वेगानं, दाटीनं. शंभर मीटरची रांग केली तर पहिला पार होतो आणि शेवटचा मधोमध सापडतो.

6. मध्ये थांबू नका. फोटो नाही, पाणी पिणं नाही, टोपी उडाली तर उडाली.

जहाज आधीच चॅनलमध्ये असेल तर ते जाऊ द्या आणि त्याच्या मागून जा. मागून म्हणजे लगेच पिछाडीला चिकटून नव्हे, किमान पाचशे मीटर सोडून. आणि त्याच्या आडून दुसरं जहाज येत नाही ना, हे बघून.

माझी स्वतःची मर्यादा अशी: चालत्या जहाजाच्या पुढे दोन किलोमीटरच्या आत कधीच नाही, बाजूला तीनशे मीटर. नियमात असे आकडे छापलेले नाहीत, आणि जिथे बंदरानं किंवा नौदलानं जास्त अंतर सांगितलं असेल तिथे त्यांचंच चालेल.

भोंगे कसे ऐकायचे

छोटा भोंगा एक सेकंदाचा. एक छोटा: मी उजवीकडे वळतोय. दोन: डावीकडे. तीन: इंजिन उलटं चालू केलंय. जहाज मागे जाऊ लागलं असा त्याचा अर्थ नाही, ते अजून तुमच्याकडेच येत असू शकतं. पाच किंवा जास्त, भराभर: तुमचं काय चाललंय ते मला कळत नाही. पाच ऐकू आले की ते आपल्यासाठीच आहेत असं मानून लगेच चॅनलबाहेरचा जवळचा मार्ग धरा. हात हलवून ‘नमस्कार’ करणारे मी पाहिले आहेत.

टप्पा ७. जहाज गेल्यावरच्या लाटा

कडेच्या उथळ पाण्यात, चिखलाच्या जवळ, जहाज जाताना आधी पाणी मागे खेचलं जातं आणि मग एकदम भरून येतं. म्हणून वाट बघताना चिखलाला चिकटून बसू नका, थोडं खोल पाणी ठेवा. लाट आली की वेग कमी करा आणि ती नाळेच्या बाजूने, थोडी तिरकी घ्या. आडवी घेतली तर कयाक उलटते. पहिली रांग गेली की लगेच वळू नका, मागोमाग आणखी येतात.

टप्पा ८. नांगरलेली जहाजं आणि टो

दिवसा नांगरलेल्या जहाजाच्या पुढच्या भागात काळा गोळा टांगलेला असतो. ते उभं आहे म्हणून जवळून जाणं हा लोकांचा आवडता प्रकार. त्याच्या नाळेवरून मात्र कधीही जाऊ नका. भरती-ओहोटीची ओढ नाळेकडून पिछाडीकडे वाहते. तुम्ही साखळीपुढून जाताना इंजिन बंद पडलं तर ओढ होडी साखळीवर किंवा नाळेवर दाबून धरते आणि उलटी करते. पिछाडीकडून जा. तिथून ओढ तुम्हाला जहाजापासून दूर नेते.

टग दिसला की मागे बघा. दोनशे-तीनशे मीटरवर बार्ज असू शकतो आणि मधला तारेचा दोर पाण्याखाली असतो. मोकळं पाणी समजून मधून जाऊ नका. पूर्ण टो गेल्यावर मागून जा.

डोल जाळ्यांचे (मासेमारीची रोवलेली जाळी) खुंट आणि तरंगणारे बोये यांच्यापासूनही लांब राहा. जहाज टाळताना जाळ्यात पंखा अडकवून घेतला तर संकट दुप्पट होतं, आणि कोळ्याचं नुकसान होतं ते वेगळंच.

रात्री आणि धुरक्यात

हौशी होडीनं अंधारात चॅनल ओलांडू नये. तरी उशीर झाला तर एवढं ओळखता यायला हवं. लाल आणि हिरवा दोन्ही दिवे एकदम दिसले तर जहाज तुमच्यावर येतंय. फक्त लाल: त्याची डावी बाजू. फक्त हिरवा: उजवी. वरचे दोन पांढरे दिवे एकाखाली एक, एका रेषेत आले तर ते थेट तुमच्याकडे. न्हावा-शेव्याच्या क्रेनच्या आणि उलव्याच्या झगमगाटात हे दिवे मिसळून जातात. किनाऱ्यावरच्या दिव्यांची रांग मध्येच विझत पुढे सरकताना दिसली तर तो जहाजाचा काळा देह आहे.

हिवाळी सकाळच्या धुरक्यात सहा-सात किलोमीटर दिसत नसेल तर चॅनलकडे जाऊच नका. दोन मिनिटांच्या आत पुन्हा-पुन्हा येणारा एक लांब भोंगा म्हणजे न दिसणारं चालतं जहाज.

चॅनलमध्ये इंजिन बंद पडलं तर

क्रम हा: आधी उरलेल्या वेगातच होडी जवळच्या कडेकडे वळवा. मग वल्ही काढा. इंजिनाचं झाकण उघडून बसायची ही वेळ नव्हे. दुसऱ्यानं रेडिओ घ्यावा: चॅनल १६ वर तीनदा ‘पॅन पॅन’ (तातडीची मदत हवी), बोटीचं नाव, जागा, ‘इंजिन बंद, चॅनलमध्ये’, माणसं किती. जहाज खरोखर अंगावर येत असेल तर ‘मेडे’ (जिवावरचं संकट). रेडिओ नसेल तर १५५४. दोन्ही हात बाजूला ताणून सावकाश वर-खाली करणं ही जगभर ओळखली जाणारी मदतीची खूण आहे. सोबत शिट्टी, टॉर्च.

ओढ चॅनलबाहेर नेत असेल तर नांगर टाकू नका, वाहून जा. कडेबाहेर आल्यावर टाका. आत असताना नांगर टाकणं हा शेवटचा उपाय, ओढ सरळ जहाजावर किंवा धक्क्यावर नेत असेल तेव्हाचा.

परत आल्यावर

निघताना घरी किंवा धक्क्यावर कुणाला तरी मार्ग, माणसं, होडीचा रंग आणि परतीची वेळ सांगितलेली असते. त्या वेळेनंतर तासाभरात फोन आला नाही तर त्यानं १५५४ ला कळवायचं, असंही ठरलेलं असावं. म्हणून धक्क्याला लागल्यावर पहिला फोन त्यालाच करा. होडी धुण्याच्या, ट्रेलरवर चढवण्याच्या आधी.